उणे एक

बारावीच्या वाणिज्य शाखेला मी अर्थशास्त्र शिकवतो. त्यात व्यापारी बँका पतनिर्मिती कशी करतात असा एक भाग आहे. ठेवीतून कर्ज कसं जन्माला येतं, त्या कर्जातून पुन्हा ठेव कशी होते, हे मी फळ्यावर बाण काढून अशा आवेशात समजावतो की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा थोडा वेळ मोबाइल खाली ठेवतात. तास संपत आला की पुस्तकाबाहेरचं एक वाक्य मी न चुकता टाकतो : "आणि मी स्वतः मात्र आजवर कुणाचा एक रुपया देणं लागत नाही." परीक्षेला येत नसल्यामुळे ते कुणी लिहून घेत नाही. मी दरवर्षी म्हणतो.

वाक्य खोटं नव्हतं. डोंबिवलीतलं घर वडिलांनी घेतलेलं. स्कूटर रोख, फ्रिज रोख, कपाट रोख. कॉलेजच्या सेवक पतपेढीचं कर्ज एकदा काढलं होतं, पण पतपेढीच्या कर्जाला आमच्या स्टाफरूममध्ये कर्ज म्हणत नाहीत. ते पगारातून परस्पर कापलं जातं, वर दिवाळीला लाभांश येतो, त्यामुळे ते जमेच्या बाजूला धरायची पद्धत आहे. जामीन राहा म्हणून कुणी गळ घातली, तर मी त्याला काटकसरीवर चार शब्द ऐकवून परत पाठवायचो. एकूण माझं चारित्र्य निष्कलंक होतं आणि ते मला माहीत होतं, हाच त्यातला त्रासाचा भाग होता, असं घरचे म्हणतात.

असा मी क्रेडिट कार्डाच्या वाटेला गेलो तो आमच्या पुण्याच्या साडूंमुळे. साडू दिल्लीला जाऊन आले. राष्ट्रपती भवनाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. बोलले ते विमानतळावरच्या लाउंजबद्दल. कार्ड दाखवलं, मशीनवर दोन रुपये कापले आणि आत सोडलं. पुढे इडली, उपमा, कटलेट, दोन प्रकारची भाजी, पुलाव, गुलाबजाम, कॉफी, मग पुन्हा गुलाबजाम. "दोन रुपयांत!" असं प्रत्येक पदार्थानंतर ते म्हणत होते. मुंबई विमानतळावर साधा चहा घ्यायचा तर घरचा आठवड्याचा चहा होईल एवढे पैसे पडतात, हे आम्ही मागच्या वर्षी सोसलेलं होतं. तो एक चहा आम्ही दोघांत घेतला होता. साडूंचं बोलणं संपल्यावर बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. ती पाहते तेव्हा काळजीचं कारण नसतं.

त्याच रात्री मी एका मोठ्या खासगी बँकेच्या कार्डासाठी ऑनलाइन अर्ज भरला. पॅन, आधार, वार्षिक उत्पन्न, नोकरीचा प्रकार. उत्पन्नाच्या रकान्यात आकडा लिहिताना मी सातव्या वेतन आयोगाचे मनोमन आभार मानले. सगळ्यात जास्त वेळ गेला तो कार्डावर नाव कसं छापायचं यात. 'प्रा.' हवं की नको? नुसतं आडनाव भारदस्त दिसतं, पण मग वडिलांचं नाव राहतं. शेवटी आद्याक्षरांवर तडजोड करून मी बटण दाबलं आणि पाणी प्यायला उठलो. परत येईपर्यंत उत्तर आलेलं होतं. आमच्या अंतर्गत निकषांनुसार आपला अर्ज या वेळी मंजूर करता येत नाही, आपल्या स्वारस्याबद्दल आभार.

उत्तरपत्रिका इतक्या झपाट्याने मीही तपासत नाही. निदान उघडून तरी बघतो.

त्यानंतर मी जे केलं त्याला आमची मुलगी 'पॅनिक' म्हणते. माझ्या मते तो स्वाभिमान होता. भर दुपारी झोपमोड करून "सर, खास तुमच्यासाठी, आयुष्यभर मोफत" असं मंजुळ आवाजात सांगणाऱ्या बँकांची काही कमतरता नव्हती. त्या सगळ्यांना मी त्याच रात्री संधी देऊन टाकली. एकीचा नकार यायच्या आत दुसरीचा अर्ज भरून होत होता. पुढे पुढे हात इतका बसला की पॅन क्रमांक मी न बघता टाइप करू लागलो. नकारही ओळीने आले. सगळ्यांची भाषा नम्र होती आणि अंतर्गत निकष काय, ते एकीनेही सांगितलं नाही.

मुलीला सकाळी कळलं, तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "बाबा, अर्ज केला की ती बँक क्रेडिट ब्यूरोकडून तुझ्या कर्जव्यवहारांचा अहवाल मागवते. त्याला हार्ड एन्क्वायरी म्हणतात. ती तुझ्या नावावर नोंदली जाते. एका रात्रीत इतक्या एन्क्वायऱ्या दिसल्या की पुढच्या बँकेला वाटतं, हा माणूस पैशांसाठी वणवण फिरतोय." म्हणजे रात्री जेवून, पान खाऊन, पंख्याखाली बसून मी जे करत होतो, त्याची नोंद कुठेतरी वणवण अशी झाली होती.

"आता काही महिने कुठेही अर्ज करू नकोस," ती म्हणाली. "आधी नकाराचं कारण काढ."

कारण काढणं हा माझा प्रांत. रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी क्रेडिट आणि डेबिट कार्डांबद्दल विस्तृत निर्देश काढले आणि त्या वर्षीच्या १ जुलैपासून ते लागू झाले. मी त्यांचं प्रिंट काढून लाल पेन घेऊन बसलो. अर्ज नाकारायचा असेल तर बँकेने त्याची नेमकी कारणं लेखी कळवली पाहिजेत, असं त्यात स्वच्छ म्हटलेलं आहे. तिथे मी दोन रेघा मारल्या. वाचता वाचता आणखी एक कलम सापडलं : ग्राहकाने न मागता कार्ड पाठवायला बँकेला सक्त मनाई आहे. तसं पाठवलं आणि वर बिल लावलं तर ते रद्द करून त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून ग्राहकाला द्यावी लागते. या कलमापाशी मी बराच वेळ थांबलो. देशात असेही लोक आहेत की ज्यांना न मागता कार्ड मिळतं आणि ते तक्रार करतात!

१९५८ साली कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नो या गावी बँक ऑफ अमेरिकाने ६०,००० कार्डं कुणी न मागता टपालाने घरोघरी पाठवून दिली होती. आजच्या व्हिसाचं मूळ त्यात आहे. पतनिर्मिती शिकवताना मी हा किस्सा बँकांच्या बेजबाबदारपणाचा नमुना म्हणून सांगतो. या वर्षी सांगताना माझ्या आवाजात फ्रेझ्नोच्या नागरिकांबद्दल हेवा होता, असं पहिल्या बाकावरच्या मुलीने नंतर बोलून दाखवलं.

पहिल्या बँकेला मी 'वरील विषयास अनुसरून' असं सविस्तर पत्र लिहिलं. निर्देशाची तारीख, कलम, माझी सेवाज्येष्ठता, सगळं घातलं. काही दिवसांनी कारण लेखी आलं. एकच ओळ : अर्जदाराचा कर्जविषयक पूर्वेतिहास उपलब्ध नाही.

मी ते वाचून आनंदलो, हे सांगायला आता लाज वाटते. मला ते प्रशस्तिपत्रक वाटलं. स्टाफरूममध्ये मी ते वाचूनही दाखवलं. "बघा, पूर्वेतिहासच नाही!" मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "मग ब्यूरोचा अहवाल तरी काढा. फुकट असतो."

असतो खरा. देशात असे ब्यूरो चालवणाऱ्या चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा ग्राहकाला पूर्ण अहवाल मोफत द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. कोणती कर्जं, कोणती कार्डं, हप्ता कोणत्या महिन्यात किती दिवस थकला, कुणाला जामीन राहिलात, कुणी कधी चौकशी केली, सगळं त्यात येतं. काय येत नाही, ते मात्र मला अहवाल उघडल्यावर कळलं. बचत खात्यातली शिल्लक येत नाही. मुदत ठेवी येत नाहीत. पगार येत नाही. वीजबिल तारखेच्या आधी भरण्याचा माझा आजवरचा विक्रम तर त्यांच्या खिजगणतीतही नव्हता. पतपेढीच्या कर्जाचा मागमूस नव्हता. ज्यांना जामीन राहायचं मी टाळलं, त्यातल्या एकाला जरी राहिलो असतो, तरी माझ्या नावापुढे एक ओळ पडली असती. आता तिथे फक्त त्या रात्रीच्या एन्क्वायऱ्या होत्या, ओळीने, एकाखाली एक.

आणि गुणांकनाच्या जागी उणे एक.

हे गुणांकन ३०० ते ९०० या पट्टीत मोजतात. किमान ३००. म्हणजे ज्याने कर्ज बुडवलं, मोबाइल बंद केला, पत्ता बदलला, त्यालाही ३००च्या खाली कुणी नेत नाही. आणि मी उणे एक. मुलीने समजावलं की उणे एक म्हणजे वाईट असं नव्हे, मोजायला काही सापडलं नाही एवढाच त्याचा अर्थ. निकालपत्रात 'गैरहजर' असा शेरा असतो ना, तसं. मी पंचवीसेक वर्षं निकालपत्रं तयार करतो. गैरहजर मुलाबद्दल आम्ही परीक्षक काय बोलतो, ते मला ठाऊक आहे.

तरी आशा सुटत नव्हती. अहवालात चूक असली तर दुरुस्तीची तक्रार करता येते आणि ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ₹१०० भरपाई मिळते. चांगली २०२४च्या एप्रिलपासून ही सोय आहे आणि मला कुणी सांगितलं नव्हतं! माझं उणे एक हीच मुळात चूक आहे, अशी मी रीतसर तक्रार नोंदवली. मग कॅलेंडरवर तिसाव्या दिवसाभोवती गोल केला. सरकारी दिरंगाईवर माझा गाढ विश्वास. तीन महिने लोटले तर किती होतात, याचं कोष्टकही मांडून ठेवलं. उत्तर बऱ्यापैकी लवकर आलं. आपला अहवाल बिनचूक आहे.

एव्हाना स्टाफरूममध्ये साथ पसरली होती. जो तो मधल्या सुट्टीत आपापला आकडा काढत होता. भूगोलाचे सर ७४०, मराठीच्या मॅडम ७७०. एक सहकारी आकडा बघून गप्पच झाले. त्यांनी पूर्वी कधी थकलेल्या कार्डाचं देणं बँकेशी घासाघीस करून निम्म्यावर आणलं होतं आणि तो पराक्रम आम्हाला पेढे देऊन सांगितला होता. अहवालात त्या खात्यापुढे 'बंद' असं न लिहिता 'सेटल्ड' असं लिहिलेलं होतं. पूर्ण पैसे न देता मिटवलेलं खातं, असा त्याचा अर्थ, आणि तो पुढच्या प्रत्येक बँकेला दिसतो. पेढ्यांचा विषय त्यानंतर निघाला नाही.

एवढ्यात चहा घेऊन शिपाईमामा आले. कुणीतरी गमतीने म्हटलं, मामा, तुमचा काढू या. मामांनी मोबाइल दिला. ७८२.

मामांना आश्चर्य वाटलं नाही. "सर, मोबाइल हप्त्यावर घेतला, मग फ्रिज, मग कूलर, मग पोरीची शिलाई मशीन. पाच तारखेला हप्ता, चार तारखेला खात्यात पैसे. कधी चुकू दिलं नाही." मामांना मी वेळोवेळी हप्त्याच्या खरेदीवर ऐकवत आलो होतो. बिनव्याजी म्हणतात ते बिनव्याजी नसतं, प्रक्रिया शुल्कात वसूल करतात, अमुक तमुक. मामा दर वेळी "होय सर" म्हणून चहाचे कप उचलत. आताही त्यांनी कपच उचलले.

घरी हे सांगताना मी आवाजात कडवटपणा आणला. आपल्या घराण्याला कर्जाचा स्पर्श नाही, त्याची ही शिक्षा वगैरे. मुलगी म्हणाली, "थांब, आईचा बघते." आमची ही एका सीएच्या कचेरीत हिशेब बघते. तिचा अहवाल काय निघणार, असं म्हणून मी वर्तमानपत्र उघडलं.

"७९४," मुलगी म्हणाली. मग जरा वेळाने, "आई, हे सोनेतारण कसलं गं?"

स्वयंपाकघरातली फोडणी थांबली नाही. "ते फिटलं कधीच."

मुलगी इंजिनिअरिंगला गेली, तेव्हा शैक्षणिक कर्जाचा विषय निघाला होता आणि मी तो "आपल्या घरात?" एवढ्या दोन शब्दांत निकालात काढला होता. फी रोख भरली. थोडे कमी पडत होते, तेव्हा हिने ते आणून दिले आणि भिशी लागली म्हणाली. मला ते पटलं होतं, कारण हिची भिशी असते आणि ती कधी ना कधी लागणार, एवढं अर्थशास्त्र मला येतं. अहवालात ते सगळं होतं : कर्ज उघडल्याची तारीख, रक्कम, दर महिन्याला थकलेल्या दिवसांच्या रकान्यात ओळीने शून्यं, शेवटी 'बंद'. दीड वर्ष पाटल्या बँकेच्या तिजोरीत होत्या. त्याच काळात भाच्याचं लग्न झालं होतं. ही काचेच्या बांगड्या घालून आली, म्हणून मी व्याह्यांसमोर तिच्या साधेपणाचं कौतुक केलं होतं. चांगलं पाच मिनिटं केलं होतं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही वर्गात म्हणता ना ते वाक्य," ही म्हणाली. "म्हटलं, कशाला बिघडवायचं."

पुढचा भाग मी लवकर आटपतो. हिच्या बँकेच्या अॅपवर पूर्वमंजूर कार्ड कधीपासून पडून होतं आणि ती ते रोज 'आता नको' म्हणून सरकवत आली होती. तिने 'हो' दाबलं. आठवड्यात कार्ड घरी. सोबत माझ्या नावाचं ॲड-ऑन कार्ड. आद्याक्षरांसकट नाव होतं, पण हिशेब सगळा मूळ कार्डधारकाच्या नावावर, माझी मर्यादा तिने ठरवलेली आणि ओटीपी तिच्या मोबाइलवर. मी ऑनलाइन काही मागवायला बसलो की आतून आवाज येतो, "काय घेताय?" ओटीपीची मुदत संपायच्या आत वस्तूची गरज पटवून द्यावी लागते. महिन्याला किती ग्रंथ मी अशा प्रकारे गमावले, ते सांगत बसत नाही. शिवाय मुलीने खुलासा केला की ॲड-ऑन कार्डावर कितीही खर्च केला, तरी इतिहास आईचा घडेल. माझा उणे एक तो उणे एकच.

त्यावर उपाय एक होता आणि तो मला तत्त्वतः अमान्य होता. बँकेत मुदत ठेव ठेवायची, ती बँकेकडे तारण राहते आणि तिच्या ऐंशी-नव्वद टक्क्यांपर्यंत मर्यादेचं कार्ड मिळतं. पैसे आपले, ते बँकेला द्यायचे, आणि मग तेच बँकेकडून उसने घ्यायचे. ठेवीवर बँक सातेक टक्के देणार. कार्डाचं बिल पूर्ण न भरता 'किमान देय' भरलं, तर उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीसच्या घरात व्याज लावणार, वर नव्या खरेदीलाही व्याजमुक्त दिवस मिळणार नाहीत. ही पतनिर्मिती मी कोणत्याही पाठ्यपुस्तकात वाचलेली नाही. बँकेच्या शाखेतल्या मुलाला मी हे फळ्याशिवाय, नुसत्या हातांनी बाण काढून समजावलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "सर, ठेव किती वर्षांची करू?"

केली. माझा पगार जिल्हा सहकारी बँकेत होतो आणि आमच्या शाखेत क्रेडिट कार्डाचं नाव काढलं, तर साहेब आत जेवायला जातात, त्यामुळे ठेवीसाठी दुसरीकडे खातं उघडावं लागलं. कार्ड आलं. पहिल्याच दिवशी पेट्रोल भरलं आणि घरी येऊन लगेच ते पैसे कार्डावर भरून टाकले. रात्री देण्याच्या ओझ्याखाली झोप आली नसती. दुसऱ्या दिवशी वाणसामान, पुन्हा लगेच भरणा. असं महिनाभर चाललं आणि बिल शून्याचं निघालं. मुलगी म्हणाली, "बाबा, बिल तरी येऊ दे! थोडं देणं राहू दे, मग मुदतीत पूर्ण भर. त्यांना दिसलं तर पाहिजे." देणं राहू देण्याची मला सवय नव्हती. मर्यादेच्या तीसेक टक्क्यांपर्यंत खर्च ठेवायचा, बिल निघेपर्यंत दम धरायचा आणि शेवटच्या तारखेच्या आधी फेडायचं, हे शिकायला मला हिच्याकडे शिकवणी लावावी लागली. ती अठरा-वीस दिवस मोबाइल माझ्या हातातून काढून घ्यायची.

काही महिन्यांनी उणे एक गेलं. मधल्या सुट्टीत मी आकडा उघडला. ७१६. स्टाफरूममध्ये कुणी काही बोललं नाही. भूगोलाच्या सरांनी नकाशाची गुंडाळी उगाच सोडून पुन्हा बांधली. मामा चहा ठेवत होते. त्यांनी चष्मा वर करून मोबाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वाईट वाटून घेऊ नका सर," ते हळूच म्हणाले. "माझाही आधी असाच होता. एखादा कूलर घ्या हप्त्यावर. चढेल."